पहिली सोडायची

हौसाकाकीला खुर्चीत बसवत नाही. बँकेत टोकन घेऊन बसवली तर पाच मिनिटांत ती दारापाशी, मग गेटपाशी, आणि नंबर लागेपर्यंत समोरच्या वडापाववाल्याशी भांडत उभी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा अर्ध्या जेवणावरून उठते आणि दुसऱ्यांना वाढायला लागते. आणि हीच बाई तळ्यात, छातीएवढ्या पाण्यात, डोक्यावर शिंगाड्याचा वेल ओढून दोन-दोन तास हलत नाही. तिच्या खांद्यावर चतुर येऊन बसतो, ऊन खातो, उडायचं विसरतो. मी बघितलंय म्हणून लिहितोय.

गेल्या भादव्यात या बाईने जे केलं ते आम्हा चार-पाच जणांनाच ठाऊक आहे. त्यातला एक मी, आणि मी तिला ते करू नको म्हणून सांगितलं होतं. हेही लिहायला हवं.

आमचं गाव पडघ्याहून दिघाशीकडे जाताना लागतं. तीन बाजूंना गोदामं, चौथ्या बाजूला तळं. गोदामांत सगळ्या देशाचा माल येऊन पडतो, टीव्ही, चपला, बाळांचे डायपर. तळ्यात पाणी आणि शिंगाडे. ते तळं अजून जागेवर का आहे यावर माझे माहिती अधिकाराचे सहा अर्ज आणि पोलीस ठाण्यातली एक अख्खी दुपार गेलीय, पण तो विषय वेगळा. शिंगाडे लावायला तळं काकीकडे आहे, तिच्या सासऱ्यापासून.

काकी अठ्ठावन्नची. तिचा नवरा महादूकाका तिच्याहून चार वर्षांनी मोठा, लहानपणी छपरावरून पडून एक पाय आखूड झालेला. तरुणपणी काकी अकरा वर्षं भिवंडीत कांडी भरायला जायची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात सुताची नळी बसते, ती कांडी. सकाळच्या शिफ्टला अंधारात निघायची, दिवे लागल्यावर परत. घरी काका. दिपालीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, न्हाऊ घालणं, तिची वेणी, भाकऱ्या, सगळं काकाने केलं. गावातली टवाळ मंडळी ओट्यासमोरून जाताना ओरडायची, "महादू अंड्यावर बसलाय रं!"

काका पीठ मळता मळता म्हणायचा, "बसलोय. तुझं पन आनून दे, उबवून देतो."

काकीला मात्र ते खपायचं नाही. एकदा असं ओरडणाऱ्या एकाला तिने विळ्याच्या मुठीने हाणला होता. त्याच्या भुवईवर अजून खूण आहे, आणि तो आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे.

तीन वर्षांपूर्वी नेत्रा आली. मूळची कोल्हापूरकडची, शिकायला बंगळुरात, पाठीवर सॅक, हातात वनखात्याची परवानगी. परवानगी मी तीनदा वाचली. शहरातून वही घेऊन येणारी माणसं मला पाठ आहेत. येतात, विचारतात, चहा पितात, जातात, आणि छापून येतं तेव्हा आपण असतो 'स्थानिक रहिवासी'. मी तिला तळ्याच्या बांधावरच अडवलं. म्हटलं, "काय करणार ते मला समजेल असं सांगा. आणि जो पाण्यात उतरेल त्याचं नाव छापायचं. नाव म्हणजे नाव. आभार-बिभार नको."

मला वाटलं चिडेल. ती खाली मातीत बसली आणि सांगायला लागली.

आमच्या तळ्यात पावसाळ्यात एक पक्षी येतो. पुस्तकात कमळपक्षी, आम्ही लांबशेपटी म्हणतो. पांढरे पंख, चॉकलेटी अंग, मानेमागे पिवळा सोनेरी पट्टा, आणि पायाची बोटं इतकी लांब की शिंगाड्याच्या पानांवरून चालत जातो, बुडत नाही. याच्यात मादी मोठी, मादी भांडकुदळ. ती आपला पट्टा राखते, दुसरी मादी आली की पंख उगारून धावते, आणि अंडी घातली की नराच्या हवाली करून निघून जाते. अंडी नर उबवतो. पिल्लं नर फिरवतो.

हे ऐकून बांधावरचे सगळे काकीकडे बघायला लागले. काकी म्हणाली, "म्हंजे मी कांडीला जायचे ती काय इपरित न्हाय." आणि इतकी हसली की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. काकाने लाजून टोपी डोळ्यांवर ओढली.

नेत्राचा प्रश्न असा: बाकीच्या बहुतेक पक्ष्यांत नर भांडतात, मादी बसते. इथे उलटं. लाखो वर्षांत हे उलटं झालं कसं? भांडायला लावणारं हार्मोन जास्त आहे म्हणावं तर मादीच्या अंगात ते फार नसतं. मग?

हे समजायला मला तीन दिवस लागले. मी आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस, पण लूमवर चौदा वर्षं काढलीत, तर माझ्या भाषेत सांगतो. शरीर म्हणजे कारखाना, जनुकं म्हणजे लूम. नराच्या आणि मादीच्या कारखान्यात लूम जवळपास तेच. फरक कुठला लूम चालू आहे आणि किती जोरात, यात. आणि हार्मोन म्हणजे मुकादमाची हाक. हाक तेवढीच असेल, पण एखाद्या कारखान्यात ती ऐकणारे कान जास्त असतील, तर तिथे धावपळ जास्त. नेत्राला ते कान मोजायचे होते. जी मादी जास्त आक्रमक, तिच्यात ती हाक ऐकण्याचं काम जास्त जोरात चालू असतं का? पक्षी मारायचा नाही. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असतं, आपल्यात नसतं, त्यामुळे रक्ताच्या दोन थेंबांतही कळतं कुठला लूम चालू आहे. थेंब घ्यायचे, पायात कडी अडकवायची, सोडायचं.

मला पटलं. काकीला तर कधीच पटलं होतं, ती माझं ऐकत बसलीच नव्हती, नेत्राने पक्षी धरायला आणलेलं जाळं बघायला गेली होती.

काम असं चालायचं. तळ्यात एका फळीवर लाकडाची रंगवलेली लांबशेपटी, तिच्याखाली छोटा स्पीकर. आवाज सुरू झाला की नेत्रा काठावरून घड्याळ लावायची. खरी मादी परकीला हाकलायला किती सेकंदांत येते, तो तिचा तापटपणा. मादी लाकडी पक्ष्यावर पडली की वेलाखाली लपलेली काकी दोरी ओढायची, जाळं पडायचं. मग काकीने शिट्टी फुंकायची. शिट्टीपासून तीन मिनिटांत रक्त निघालं पाहिजे, कारण त्यानंतर पक्ष्याची भीती रक्तात उतरते आणि सगळे आकडे बिघडतात. त्या तीन मिनिटांत काकी जाळ्यातून ती सुतळीसारखी लांब बोटं एकेक करून सोडवायची आणि पाणी तुडवत काठाला यायची. पहिल्या वर्षी नेत्राच्या एका मित्राने जाळं धरून पाहिलं. दोन पक्ष्यांचं बोट मोडलं. काकीकडून तीन वर्षांत एकही नाही. कांडीवर तुटलेलं सूत जोडणारी बोटं ती.

रक्ताच्या नळ्या औषधात घालून थंड पेटीत. ती पेटी भिवंडीला कुरियरच्या ऑफिसात पोचवायचं काम महादूकाकाकडे. पडघ्यापर्यंत रिक्षा, पुढे जीप. पेटी खाली ठेवायची नाही, उन्हात धरायची नाही, उघडायची नाही. काका ती मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसायचा. जीपवाला विचारायचा, "चाचा, क्या है? बम है क्या?" काका म्हणायचा, "अंडा है. हिलाव मत."

आमच्या गावची एक रीत आहे. जाळं पाण्यात टाकलं की पहिलं जे लागेल ते सोडायचं. मासा असो, खेकडा असो. पहिलं गावदेवीचं. ते हातात घ्यायचं, कपाळाला लावायचं, पाण्यात सोडायचं. कुणी शिकवत नाही, लहानपणापासून बघतो आणि करतो. मी देवाधर्मातला माणूस नाही, पण मीसुद्धा गळाला लागलेला पहिला मासा कधी घरी नेलेला नाही.

काकी तेच करत होती. जाळं लावायच्या प्रत्येक सकाळी, आणि अशा सकाळी एका पावसाळ्यात सात-आठच मिळायच्या. तळं कुठलंही असो, कारण आम्ही आजूबाजूच्या सात तळ्यांवर काम करायचो. पहिली मादी जाळ्यात आली की काकी शिट्टी वाजवायची नाही. जाळं उचलायची, तिचं डोकं कपाळाला लावायची, सोडून द्यायची. शिट्टी दुसरीपासून. मधे वेल, लव्हाळी. काठावरून नेत्राला एवढंच दिसायचं की एक पक्षी उडाला आणि शिट्टी आली नाही. ती वहीत लिहायची, 'निसटली'. हसून म्हणायची, "मावशी, पहिल्या वेळेला तुमचं जाळं रोज रुसतं!" काकीही हसायची. तिला वाटत होतं पोरीला कळलंय आणि ती थट्टा करतेय. पोरीला वाटत होतं जाळं ढिलं आहे. तीन पावसाळे हे चाललं.

गेल्या भादव्यात गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नेत्रा पडघ्याच्या तिच्या खोलीवरून आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला. आधीच्या दोन वर्षांच्या नळ्या आणि त्या वर्षीच्या जूनच्या, सगळ्यांचे आकडे आले होते. फरकच नव्हता. सगळ्या माद्या एकसारख्या. ज्या फरकासाठी एवढा खटाटोप, तो नाहीच. नऊ नळ्या तर खराबच निघाल्या होत्या.

तिच्या सरांना तिने स्पीकरवर फोन लावला. सर तिकडून म्हणाले, "नेत्रा, मला वाटतं माल वाटेत गरम झाला असणार. नऊ खराब आहेत म्हणजे बाकीच्यांवरही भरवसा नाही. ती पेटी कोण नेतं?"

"महादूकाका. इथलेच."

"वय झालेला माणूस, जीपमध्ये, मधे चहाला थांबत असतील. साहजिक आहे. त्यांना सांगा आता नको. बाकीच्या दिवसांसाठी गाडी करा."

काका तिथेच होता, ओट्यावर लसूण सोलत. मी उसळलो. म्हटलं, "ओ साहेब, खराब झालेलं मशीन सांगतं ना? मग नऊ खराब म्हणून बाकीच्याही खराब, हा कुठला हिशोब? एसीत बसून—" नेत्राने फोन हिसकावून घेतला आणि बंद केला.

काका म्हणाला, "असंल रं. माझंच चुकलं असंल. एकदा जीप लई वेळ उनात उभी होती."

काकी काही बोलली नाही. इतकंच मला त्या वेळी खटकलं. नवऱ्याला कुणी नुसतं 'लंगडा' म्हटलं तर विळा उचलणारी बाई, आणि ती आत जाऊन भांडी आपटत बसली.

पुढचे दोन दिवस पाऊस नाही, वारा नाही, पत्र्यांवरून वाफा येत होत्या. काकी सगळ्या गावाला दिसत होती. सकाळी अंगण झाडलं, दुपारी परत झाडलं. चांगलं जाळं उसवलं, परत विणलं. दिपालीला फोन लावला आणि ती बोलायला लागल्यावर "पाणी आलंय" म्हणून ठेवला. पाणी आलं नव्हतं. काका मात्र ओट्यावर, शांत, आणि ती रिकामी पेटी घासून-पुसून शेजारी उन्हात उपडी घातलेली, परत द्यायची म्हणून.

तिसऱ्या दिवशी काकीने मला तळ्यावर बोलावलं. उभ्या-उभ्याच, दोरीला गाठी मारत सगळं सांगितलं. पहिली कशी सोडते ते. कपाळाला लावते तेही.

मी आधी हसलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि हसू गेलं. पहिली येते ती कोण? सगळ्यांत तापट ती. परकीचा आवाज ऐकून पाच सेकंदांत धावून येते ती. नेत्राला जिचा कान मोजायचा होता, नेमकी तीच तीन वर्षं परत पाण्यावर जात होती. नळ्यांत राहिल्या त्या नंतर आलेल्या, विचार करून आलेल्या, मवाळ. फरक दिसणार कुठून?

"सावळ्या, सांगू का तिला?"

मी म्हटलं, "येडी झालीस का काकी? अजिबात नाही."

आणि मला जे येतं ते मी तिला सांगितलं. की ही मोठी माणसं चूक शोधत असतातच. आज पेटी म्हणतायत, उद्या म्हणतील गावंढळ लोक, अंधश्रद्धा, यांच्यामुळे तीन वर्षं गेली. तुझं नाव लेखकांत लागणार होतं ते जाईल. जाळं जाईल. पुढे कुठल्याच तळ्यावर कुठलाच माणूस आपल्यातल्या कुणाला घेणार नाही. मशीनवर ढकल, उन्हावर ढकल, काही महिने जाऊ दे. मी भांडतो काकासाठी, ते माझ्यावर सोड.

काकीने दोरी खाली टाकली.

"तीन वर्सांत," ती म्हणाली, "महादू वाटंत एकदा पन चा पिला न्हाय. पेटी खाली ठेवाया लागंल म्हून. जीपवाल्यांनी फुकट पाजला तरी न्हाय. घरी येऊन पितो. आनि तो सायब बोलतो चाला थांबला आसंल. आनि हा येडा बोलतो आसंल माझंच."

"अगं पण तुझं नाव—"

"नाव चाटू?"

ती चालायला लागली. मी मागे. पडघ्यापर्यंत चार किलोमीटर, रिक्षा आली तर बसली नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि ही रस्त्याच्या कडेने पदर खोचून, मी मागून "काकी, ऐक, काकी" करत. भरल्या बाजारात लोक बघत होते, बाईने याला कशात पकडलंय म्हणून.

नेत्राच्या खोलीत ती बसली नाही. दारातच उभी राहून बोलली. "पोरी, जाळं रुसत न्हाय. पहिली मी सोडतंय. आमच्यात सोडतात. महादूची पेटी चांगली हाय. लिहून घे."

नेत्राला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिने तीन वह्या काढल्या आणि एकेक पान उलटायला लागली. बोटाने ओळीवरून जात मोठ्याने वाचत होती. "निसटली, सात सेकंद. निसटली, पाच. निसटली, नऊ. निसटली, चार..." अशा एकोणीस नोंदी. आणि शिट्टी वाजलेल्या सगळ्या चाळीस सेकंदांच्या पुढच्या, काही दोन-दोन मिनिटांच्या.

"माझ्या वहीतच होतं," ती म्हणाली. मग एकदम ओरडली, "मावशी, तीन वर्षं! एकदा बोलायचं ना!"

"तू इचारलंस कवा?" काकी तेवढ्याच जोराने. "रोज हसायचीस. मना वाटलं तुला ठावं हाय!"

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. मी मधे पडणार होतो, पण कशाच्या बाजूने पडायचं ते सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा.

नेत्रानेच आधी तोंड धुतलं. मग सरांना फोन केला, या वेळी स्पीकर नाही, गॅलरीत जाऊन. अर्ध्या तासाने परत आली ती सांगत. परवानगी सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे तयारीचे दोन दिवस सोडले तर आठ सकाळी उरल्या होत्या. त्या आठांत पहिल्या येणाऱ्या माद्या मिळाल्या तर काहीतरी उभं राहील. पण सर म्हणाले होते, ज्यांना पहिली धरायची नाही त्यांच्या हातात जाळं नको. दुसरं कुणी तरी बघा.

"दुसरं कोन?" काकी.

"माझा मित्र येईल. तोच, आधीचा."

"बोटं मोडनारा?"

नेत्राने वह्या मिटल्या.

"शेवटी सगळ्या सोडतोच ना आपण, मावशी," ती हळू म्हणाली. "दोन थेंब घेतो आणि सोडतो."

"घेऊन सोडलं म्हंजे सोडलं न्हाय. पहिली काय न घेता सोडायची. ती तुझी न्हाय, माझी न्हाय." काकी खोलीत फिरायला लागली. खाट, खिडकी, दार. खाट, खिडकी, दार. छोटीशी खोली, तीन पावलांत संपत होती. मी म्हटलं, "काकी, सोडून दे हे काम. तू सांगितलंस, काकाचं नाव साफ झालं, बस झालं." खरंच मला तसं वाटत होतं.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नेत्राला म्हणाली, "पेटी महादूच नेनार. तुझी गाडी-बिडी न्हाय. त्या सायबाला सांग."

"सांगते."

"आनि त्या पोराला बोलवू नको."

एवढंच. धरीन म्हणाली नाही, धरणार नाही म्हणाली नाही.

त्या दोन दिवसांत मी एक काम केलं, ते सांगतो, कारण ते मी केलं. कुरियरच्या सगळ्या पावत्या नेत्राकडून घेतल्या आणि भिवंडीच्या ऑफिसात जाऊन बसलो. काउंटरवरचा म्हणाला, "भाई, पुराना रेकॉर्ड नहीं मिलेगा." मी म्हटलं, "मिलेगा. मैं इधरीच बैठा हूँ." दुपारपर्यंत मिळालं. त्या नऊ नळ्या एकाच पेटीतल्या. आदल्या वर्षी विसर्जनाच्या सुट्टीत ती पेटी त्यांच्याच ऑफिसात दोन दिवस पडून होती. काकाने ती वेळेवर दिलेली, सही-शिक्क्यासकट. मी त्या कागदाचा फोटो सरांना पाठवला. उत्तर आलं, 'ओके, नोटेड.' माफी नाही, काही नाही. फोन भिंतीवर मारणार होतो, काकाने हात धरला. "नोटेड म्हंजे काय?" "लिहून घेतलं." "मंग झालं की," काका म्हणाला आणि पेटी धुवायला गेला.

पहिली सकाळ आमच्याच तळ्यावर. उजाडत होतं. गोदामाच्या आवारात ट्रक उलटे घेताना वाजतात तसे वाजत होते. काकी पाण्यात उतरायच्या आधी बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाशी, गावदेवीशी, गेली. काकाने विचारलं, "काय बोललीस तिला?"

"बोलले, तुझं पहिलं घेतंय. माझं पहिलं तुला देतंय. फिटंफाट."

"तुझं पहिलं कुठलं?"

"दसऱ्याला बघशील."

ती उतरली. वेल डोक्यावर घेतला आणि दिसेनाशी झाली. नेत्राने आवाज सुरू केला. मी घड्याळाकडे बघत होतो. एक, दोन, तीन, आणि पलीकडच्या कोपऱ्यातून पांढरी रेघ पाण्यालगत सुटली, थेट लाकडी पक्ष्यावर. जाळं पडलं.

आणि शिट्टी नाही.

पाणी हलत होतं. वेलाच्या आड काकीचे खांदे दिसले, दोन्ही हात कपाळापाशी. नेत्रा उभी राहिली. काका माझ्या बाजूला, पेटी छातीशी, पुटपुटत होता, "वाजव गो. वाजव."

शिट्टी वाजली. इतक्या जोरात की गोदामाचा वॉचमन धावत कुंपणापाशी आला.

काकी पाणी फोडत आली. मुठीत ती मादी, मोठी, डोळा वटारलेला, पंखावरच्या काट्याने काकीचा अंगठा फाडलेला. जाळं पडल्यापासून एक मिनिट पन्नास सेकंदांत रक्त निघालं. पायात कडी. काकीने हात उघडला. आम्हाला वाटलं ती लव्हाळ्यात पळेल. ती पुन्हा थेट लाकडी पक्ष्यावर. जाळं उचललेलं, स्पीकर बंद, तरी त्या लाकडाच्या डोक्यावर चढून चोची मारत राहिली.

"बघ," काकी अंगठा चोखत म्हणाली. "हिचा कान मोजायचा होता ना तुला."

आठ सकाळींत सहा पहिल्या मिळाल्या. काका सहाही पेट्या मांडीवर घेऊन गेला, चहा न पिता.

दसऱ्याला हंगामातले पहिले शिंगाडे निघाले. पहिली टोपली गोदामाच्या कँटीनवाल्याने दरवर्षीसारखी सांगून ठेवलेली. काकी टोपली डोक्यावर घेऊन तळ्यात कमरेएवढी गेली आणि सगळी उपडी केली. काळे शिंगाडे बुडबुड करत खाली गेले. काठावरून कुणीतरी ओरडलं, "काय गो, येड लागलं का?" तिने मागे वळून त्याला जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

आकडे यायला थंडी उजाडली. सहा नळ्यांवरून उड्या मारू नयेत असं नेत्रा दहा वेळा बजावते, पण त्या सहा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या पडल्यात, सगळ्या एका बाजूला. एकोणीस 'निसटली' आता लेखात आहेत. काकीने तिला सांगितलं होतं, "निसटल्या लिहू नको. मी सोडल्या लिही. का सोडल्या ते पन लिही." लेख अजून छापून आलेला नाही, कच्चा मजकूर नेत्राने मला पाठवला. इंग्रजी. मी फोनवर एकेक शब्द शोधत अख्खी दुपार घालवली आणि ती जागा सापडली. तीन ओळी आहेत. त्यात 'स्थानिक रहिवासी' नाही. वर लेखकांच्या नावांत आहे, एच. एम. भोईर.

ओट्यावर जाऊन मी काकीला दाखवलं. ती उभीच होती, एक पाय पायरीवर.

"हे एम काय?"

"महादू. हौसा महादू भोईर. मधलं नाव नवऱ्याचं लावतात ना."

तिने आत बघितलं. काका चुलीपाशी दुधाचं पातेलं धरून उभा होता, ऊतू जाईल म्हणून.

"हाय काय त्याच्यात," ती म्हणाली. "पेटी त्यानीच नेली." मग माझ्या हातातला फोन परत माझ्या हातात कोंबला, "चल, खालच्या कोपऱ्यातला वेल कुजलाय, उपटायचाय," आणि मी चप्पल घालेपर्यंत बांधावर पोचलीसुद्धा.